मथुआत्यांस कोपऱ्यात बसविल्याची हकीकत

छताचा पंखा, मध्यम वेगात, एक पाते किंचित वाकलेले.

गव्हाच्या डब्याला टेकवून उभा केलेला मोबाईल.

वर पैठणी, नथ, अंबाड्यावर गजरा. खाली घरातला गाऊन.

कुकरची शिट्टी, मिरजेची.

मुगाची खिचडी. पापड संपलेले.

॥ ज्याच्या कृपेने दोन काड्या तरी दिसतात त्या रेंजेस नमस्कार. कोणी विचारिले नाही, तरी लिहिले असे ॥

शके एकोणीसशे बेचाळीस, शार्वरीनाम संवत्सर, चैत्र शुद्ध प्रतिपदेस लोकांनी गुढ्या उभारिल्या आणि त्याच दिवशी सरकारची आज्ञा लागू जाहली की ज्याने त्याने आपल्या घरी राहावे, आणि मग सर्व देश घरी राहिला, आणि घरी राहिल्यावर कित्येकांस प्रथमच कळो आले की आपल्या घरात माणसे आहेत. त्या समयी एक घराणे होते. त्याचे नाव लिहीत नाही, कारण लिहिल्यास त्यातील जी माणसे अजून एकमेकांशी बोलतात तीही बोलावयाची थांबतील. या घराण्याचे राज्य चार गावी वाटले गेले होते. ठाण्यास धाकटी पाती. तेथे प्रमिलाबाईसाहेब राज्य करीत आणि त्यांचे यजमान त्यांच्या पाठीमागून चार्जर शोधीत येजा करीत. साताऱ्यास थोरले बंधू भालचंद्रराव, मोठे मुत्सद्दी, ज्यांनी घराण्यातील कित्येक तंटे मिटविले आणि दर तंट्यातून एक नवा काढून दिला. हडपसरास मधले बंधू अच्युतराव, विधुर, बोलणे कमी, आणि त्यांची एकुलती कन्या ऋजुता. आणि मिरजेस या सर्वांची वडील बहीण मथुराबाई, ज्यांस लहानथोर मथुआत्या म्हणत. त्यांनी लग्न केले नाही, शाळेत मुलींना भूगोल शिकविला, आणि ऋजुता तीन वर्षांची असता तिची आई वारली तेव्हा तिला उचलून मिरजेस नेली आणि दहावी होईतो वाढविली. तिचे नावही बारशाच्या दिवशी आत्याबाईंनीच तिच्या कानात सांगितलेले.

तर ऋजुतेचे लग्न कोथरूडच्या सौमित्र नामे मुलाशी ठरले होते, आणि कार्यालय ठरले होते, आणि आचारी ठरला होता, आणि मग महामारी आली आणि सर्व उलगडून गेले, केवळ मुलगा तेवढा ठरलेला राहिला. लग्न हडपसरच्या घरी, मोजक्या माणसांत करावे, बाकीच्यांनी मोबाईलवरून अक्षता टाकाव्या, असा निर्णय जाहला. जिल्ह्याच्या शिवा, म्हणजे सीमा, बंद, मिरजेहून कोणास येता येईना. अच्युतरावांनी हे मिरजेस फोनवर कळविले तेव्हा मथुआत्या इतकेच बोलिल्या की, "मंगलाष्टक मी म्हणणार आहे. मी रचलंय. फोनवरून तर फोनवरून." आणि अच्युतराव "बरं" म्हणाले.

इतके जाहले असते तरी पुष्कळ होते. परंतु ठाण्यास प्रमिलाबाईसाहेबांस घरात बसून पराक्रमाची उबळ आली, आणि त्या बोलिल्या, "लॉकडाऊन आहे म्हणून मुलीचं केळवण नाही करायचं की काय? ऑनलाइन करू." आता लग्न ठरलेल्या मुलीस नातलगांनी घरी बोलवावे, पाटावर बसवावे, तिच्या आवडीचे करून तिला पोटभर जेवू घालावे, यास केळवण म्हणतात. यातून बोलावणे, बसविणे आणि जेवू घालणे काढून घेतले असता जे उरते त्याची लिंक प्रमिलाबाईसाहेबांनी सर्व पात्यांस सनदेप्रमाणे रवाना केली, आणि येतेवेळी नटून यावे अशी आज्ञा केली, आणि मग सारे घराणे कमरेपर्यंत नटले.

दरबार भरला. प्रथम प्रहर "ऐकू येतंय का?" यात गेला. ज्यांस ऐकू येत होते ते "येतंय" म्हणत ते ज्यांस ऐकू येत नव्हते त्यांस ऐकू येईना. मग भालचंद्रराव प्रकट जाहले, म्हणजे त्यांच्या छताचा पंखा प्रकट जाहला, कारण त्यांनी मोबाईल टेबलावर उताणा ठेविला होता.

"भावोजी, तुमचा पंखा दिसतोय," प्रमिलाबाई बोलिल्या.

"बरा चाललाय की," पंखा बोलिला.

आणि मग केळवणास आरंभ जाहला. प्रमिलाबाईसाहेबांनी एक एक पात्र उचलून मोबाईलसमोर धरिले आणि म्हणाल्या, "ही बघ ऋजू, काजूची उसळ. तुला आवडते ना?" आणि ऋजुता म्हणाली, "हो काकू," आणि काकू म्हणाल्या, "बघ कशी झालीय," आणि ऋजुता म्हणाली, "छान दिसतेय," आणि मग काकूंनी ती खाल्ली. मग अळूवडी दाखविली आणि खाल्ली. मग श्रीखंड दाखविले आणि यजमानांस हाक मारून म्हणाल्या, "अहो, तिला चव सांगा," आणि यजमान चार्जर हाती घेऊन आले आणि चमचाभर खाऊन "उत्तम" बोलून गेले. हडपसरास त्या दिवशी अच्युतरावांनी मुगाची खिचडी लाविली होती, आणि पापड संपले होते, आणि ऋजुता ती खिचडी मांडीवर घेऊन बसली होती, चौकटीत दिसणार नाही अशी. शेवटी काकूंनी हात धुतले आणि विचारिले, "पोट भरलं ना गं?" असे केळवण पूर्वी कधी जाहले नव्हते, की करणारा जेवी आणि जिचे केळवण ती पाही.

मिरजेस मथुआत्या गव्हाच्या डब्याला मोबाईल टेकवून बसल्या होत्या. इरकली नेसल्या होत्या, आणि दरबार सुरू जाहल्यापासून आपली पाळी येण्याची वाट पाहत होत्या, आणि अळूवडी व श्रीखंड यांच्या दरम्यान एकदाची संधी साधून बोलिल्या, "ऋजू, आता जरा इकडे बघ, मी काय—" आणि त्यांच्या स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी जाहली.

"वन्सं, तुमच्याकडून आवाज येतोय हो," असे म्हणून प्रमिलाबाईसाहेबांनी त्यांस म्यूट केले. तो अधिकार त्यांजकडे होता. मग मथुआत्या पुष्कळ बोलिल्या. त्या बोलण्याचा तपशील येणेप्रमाणे:

 …

 …

आवाज नव्हता. हात दिसत होते. त्या दोन्ही हातांनी खाली काही दाखवीत होत्या, आणि चौकटीत हनुवटीखालचे काही मावत नव्हते, आणि प्रमिलाबाई बोलिल्या, "वन्सं काहीतरी शोधतायत. चष्मा असेल." आणि पंखा बोलिला, "नाकावर बघ म्हणावं," आणि सर्व दरबार हसला, आणि मथुआत्यांनी नाकावरचा चष्मा नीट केला आणि पुन्हा खाली हात केले, आणि ऋजुता म्हणाली, "थांबा, आत्या काहीतरी सांगतेय, काकू तिला जरा

येथे राज्य बुडाले. हे लिंकवरचे राज्य फुकटचे होते, आणि फुकटच्या राज्यास अट अशी की ठरलेली घटका भरताच ते बोलत्या माणसाच्या तोंडातून काढून घ्यावे. मग नवी सनद निघाली, आणि सर्व पात्या पुन्हा दाखल जाहल्या, आणि "ऐकू येतंय का?" पासून पुन्हा आरंभ जाहला. मिरज दाखल जाहली नाही.

दुसरे दिवशी सकाळी घराण्याच्या ग्रुपवर, कोणा दूरच्या मेहुण्याने पाठविलेल्या काढ्याच्या कृतीखाली, मिरजेहून मजकूर आला: "मला कोपऱ्यात बसवून जेवणं झाली. पोचलं." भालचंद्ररावांनी तात्काळ फोन लाविला.

"अक्का, कसला कोपरा?"

"सगळ्यांना मोठ्या चौकटी. जो बोलेल तो पडदाभर. तुझा पंखासुद्धा पडदाभर, भालू. आणि मी कुठे? खाली, उजव्या कोपऱ्यात. पोस्टाच्या तिकिटाएवढी."

"अगं, त्यात काय—"

"मी या घरातली सगळ्यांत मोठी. पंख्याला मान आणि मला कोपरा."

आता हे घराणे मानपानाचे. मागे एका मुंजीत एका मामांस पाटाऐवजी चटई मिळाली, त्यावरून दोन पात्यांत इतकी वर्षे अबोला राहिला की ज्याची मुंज तो अमेरिकेस जाऊन टकला होऊन आला तरी मठ्ठा एकमेकांच्या हातचा घेत नव्हते. तेव्हा कोपरा ही गोष्ट सर्वांस तात्काळ समजली. भालचंद्ररावांनी वकिली आपणाकडे घेतली आणि ठाण्यास फोन लाविला. प्रमिलाबाईसाहेब बोलिल्या, "भावोजी, मी कुणाला कोपऱ्यात बसवलं नाही. ते आपोआप होतं." भालचंद्रराव बोलिले, "आपोआप काही होत नसतं. आपल्या घरात तर नाहीच." त्या क्षणी दोघांच्याही ओठांवर एक वाक्य आले होते. ते बोलिले गेले असते तर ही हकीकत येथेच संपती, परंतु दोघांनीही ते आपापल्या मानाखातर गिळिले.

मग तह जाहला. कलम पहिले, मथुआत्यांस वरच्या ओळीत, मधोमध घ्यावे. कलम दुसरे, त्यांस म्यूट करू नये. कलम तिसरे, भालचंद्ररावांनी पंखा बंद करावा. हे कलम कोणी घातले ते कळले नाही आणि त्यांनी ते पाळिलेही नाही, कारण सातारा तापला होता. प्रमिलाबाईसाहेबांस पहिले कलम कसे बजावावे याची काही एक माहिती नव्हती, आणि ज्यास माहिती नसते तो जे करितो तेच त्यांनी केले. म्हणाल्या, "घेतलं हो वर."

दुसऱ्या केळवणाचा दरबार साताऱ्याने भरविला. भालचंद्ररावांच्या घरी त्या दिवशी कंदी पेढे होते आणि ते पंख्यास दाखविण्यात आले. मिरज दाखल जाहली. मथुआत्यांनी चष्मा सारखा केला, पडदा पाहिला, कोपरा पाहिला, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"प्रमिला. मी कुठे आहे?"

"वरती, वन्सं. मधोमध. ठरलं तसं."

"मुलींना नकाशा वाचायला शिकवलाय मी आयुष्यभर. वर कुठलं आणि खाली कुठलं मला कळतं."

"वन्सं, तुमचा काहीतरी गैरसमज—"

"माझा समज अगदी बरोबर आहे. मंगलाष्टक तुम्हीच म्हणा आता. लग्नाची लिंक मला पाठवू नका."

आणि मिरज निघून गेली. पंखा फिरत राहिला. मग ऋजुता बोलिली, आणि ती सहसा बोलत नसे, बापावर गेलेली, म्हणून सर्वांनी कान दिले. म्हणाली, "आत्या नसेल तर मी अंतरपाटामागे उभी राहणार नाही."

नवरदेव सौमित्र कोथरूडहून दरबारी होता. त्याने आरंभापासून एकच वाक्य बोलावयाचे जमविले होते, ते त्याने येथे वापरिले. म्हणाला, "मग कुठे उभी राहणार?"

"मिरजेला," ऋजुता म्हणाली. आणि अच्युतराव "बरं" म्हणाले, आणि ते कोणाच्या बाजूने म्हणाले हे कोणास कळले नाही.

लग्न तोंडावर आले. भटजींनी मास्क शिवून घेतला होता. ठाण्याने साताऱ्यास बोल लाविला की तह तुम्ही केला, साताऱ्याने ठाण्यास लाविला की मोडिला तुम्ही, आणि ग्रुपवर मेहुण्याने दुसरा काढा पाठविला. मिरजेचा फोन वाजे आणि कोणी उचलेना. तेव्हा ऋजुतेने आपल्या खोलीत बसून, कोणास न सांगता, आत्यास व्हिडिओ कॉल लाविला, आणि तो मथुआत्यांनी उचलिला, कारण रुसवा घराण्यावर होता आणि ऋजू म्हणजे घराणे नव्हे असे त्यांनी स्वतःशी ठरविले असावे.

"समजूत घालायला केलास ना?"

"नाही. तुला बघायला केला."

"बघ. बघण्यासारखं काय आहे. तिकीट."

"आत्या, आता आपण दोघीच आहोत ना? तुला मी कशी दिसतेय?"

"मोठी. पडदाभर. बारीक झालीस."

"आणि तू?"

"मी तिथेच. कोपऱ्यात. तूसुद्धा मला कोपऱ्यात बसवलंस म्हणायचं."

"आत्या, माझ्या मोबाईलवर मी कोपऱ्यात आहे. तू पडदाभर आहेस."

मथुआत्या बोलिल्या, "समजूत घालतेयस."

"तुझ्यामागे कॅलेंडर आहे. त्यावर दुधाचे खाडे मांडलेत. मंगळवारी खाडा. शुक्रवारी अर्धा लिटर, आणि पुढे गोल काढून प्रश्नचिन्ह केलंयस."

मथुआत्यांनी मान वळवून पाहिले. प्रश्नचिन्ह होते.

"तो भैया शुक्रवारी आलाच नाही बहुतेक," त्या म्हणाल्या.

"तुझ्या चष्म्याची डावी काडी दोऱ्याने बांधलीयस. काळ्या दोऱ्याने. मोडली कधी? मला सांगितलं नाहीस."

"दुकान कुठे उघडं आहे."

"तिकिटावरच्या माणसाच्या चष्म्याचा दोरा दिसतो का, आत्या?"

मग मथुआत्यांनी आपला चेहरा मोबाईलच्या इतका जवळ आणिला की हडपसरास फक्त एक डोळा आणि दोरा राहिला, आणि विचारिले, "म्हणजे मी मोठी दिसते?"

"पडदाभर. आत्ता तर नाकच पडदाभर आहे."

"म्हणजे जो तो आपल्यापुरता कोपऱ्यात."

"हो."

"आणि प्रमिला?"

"विचारू या."

मग तिसरा दरबार भरला, केळवणावाचून, आणि ऋजुतेने सर्वांस एकच प्रश्न घातला की तुम्ही स्वतःस कोठे दिसता. मग पंखा बोलिला. भालचंद्रराव म्हणाले, "खरं सांगू? पहिल्या दिवसापासून माझ्या जागी कोपऱ्यात एक पंखा बसवलाय. मला वाटलं तुम्ही मुद्दाम केलंत. मोठा आहे म्हणून गप्प बसलो." तेव्हा त्यांस मोबाईल उभा करावयास सांगण्यात आले, आणि भालचंद्रराव प्रथमच मुखाने प्रकट जाहले, आणि त्यांनी लॉकडाऊनात दाढी ठेविली होती हे घराण्यास तेव्हा समजले. मग सौमित्र म्हणाला की त्यास वाटले नवरा मुलगा असल्याने सासरी असेच ठेवीत असावे. मग सर्व जण ठाण्याकडे वळले.

प्रमिलाबाईसाहेब मान खाली घालून बोलिल्या, "मी पण. मी होस्ट असून कोपऱ्यात. मी म्हटलं वन्संनी कुणाकडून तरी करून घेतलं असेल."

"मला म्यूट कसं काढायचं ते येत नाही अजून, प्रमिला," मथुआत्या बोलिल्या, "मी कुठून करून घेणार?"

"तुमच्या विद्यार्थिनी कुठे कुठे आहेत, काय सांगावं."

येणेप्रमाणे उघड जाहले की घराण्यातील प्रत्येक मनुष्य आपणांस एकट्यासच कोपऱ्यात घातले असे मनात धरून बसला होता, आणि प्रत्येकाने मोठेपणाने ते सोसले होते, आणि प्रत्येकाने योग्य समयी बाहेर काढण्यास ते जपून ठेविले होते. आता ते सर्वांचे एकदम वाया गेले. इतका जोपासलेला राग फुकट जावा याचे दुःख त्या दरबारी प्रत्येकाच्या मुखावर दिसत होते, आणि हेही दिसत होते की एकमेकांची मुखे मोठी दिसतात हे ठाऊक जाहल्यावर जो तो आता केस सारखे करीत होता. अच्युतरावांस विचारिले की तुम्ही काय पाहिले. ते म्हणाले, "मी स्वतःकडे बघितलंच नाही." आणि पुन्हा विचारावयाच्या आत राज्य

मग लग्न जाहले. प्रमिलाबाईसाहेबांनी त्या दिवशीपुरते पैसे भरून न बुडणारे राज्य घेतले, ही गोष्ट त्यांनी त्या दिवशी सर्वांस सांगितली आणि अद्याप सांगत असतात. हडपसरच्या दिवाणखान्यात सोफा भिंतीस लाविला, आणि वधूच्या उजव्या हातास एक पाट मांडून त्यावर उशी आणि उशीस टेकवून मोबाईल ठेविला, आणि तो पाट सर्वांत पुढे होता. मिरजेहून मथुआत्यांनी मंगलाष्टक म्हटले. चाल जुनी, शब्द त्यांचे, त्यात भूगोलाच्या शिक्षिकेस शोभेल अशा नद्या पुष्कळ होत्या, आणि ऋजुता हे नाव वृत्तात बसत नव्हते ते त्यांनी ओढून बसविले. मग "सावधान" जाहले. ते ठाण्याहून एका वेळी आले, साताऱ्याहून मागाहून आले, आणि मिरजेहून सर्वांच्या शेवटी आले, आणि भटजी गोंधळले की अंतरपाट कोणत्या सावधानावर काढावा. ऋजुतेने मान हलवून त्यांस थांबविले. ठाण्याच्या सावधानावर अंतरपाट निघाला नाही, साताऱ्याच्या सावधानावर निघाला नाही. तीन गावी लोकांनी आपापल्या मोबाईलवर अक्षता टाकिल्या, आणि त्या कोणाच्या पोचल्या नाहीत, आणि मागाहून प्रत्येकाने चार्जिंगच्या भोकातून तांदूळ टाचणीने काढिले.

जेवणे आपापल्या घरी जाहली.

तात्पर्य इतकेच की या महामारीत या घराण्याने दोन केळवणे, एक तह आणि एक लग्न मोबाईलवर सिद्धीस नेले, त्यात कोणाचा मान गेला नाही, कारण कोणी कोणाचा घेतलाच नव्हता, आणि पुढे शिवा उघडल्यावर सर्व पात्या एका कार्यालयात एकत्र जमल्या तेव्हा पहिल्याच पंगतीत पाटावरून अबोला जाहला, म्हणजे सर्व काही पूर्ववत जाहले. ऐसी हकीकत असे.

पहिल्या केळवणाच्या दिवशी मिरजेत, गव्हाच्या डब्याच्या अलीकडे, चौकटीच्या खाली, दोन पाट मांडलेले होते आणि दोन ताटं वाढलेली होती.